दाराच्या स्मार्ट लॉकपर्यंत सिग्नल पोहोचवताना: माझा अनुभव

माझे आई-बाबा ठाण्याला घोडबंदर रस्त्यावरच्या एका टॉवरमध्ये राहतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्याला असते. बाबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी फिजिओथेरपिस्ट आणि मदतनीस बाई येऊ लागल्या, आईला दर वेळी उठून दार उघडणे जड जाऊ लागले, म्हणून आम्ही मुख्य दाराला स्मार्ट लॉक बसवून घेतले. बोटाच्या ठशाने आणि आकडी पासवर्डने ते पहिल्यापासून बिनतक्रार उघडत होते. अडचण होती ती पुण्याहून उघडण्याची. अ‍ॅपमध्ये कधी ते ऑफलाइन दिसायचे, कधी उघडण्याची आज्ञा दिल्यावर पडद्यावर नुसते चक्र फिरत राहायचे, आणि दार उघडल्याची सूचना तर, आलेला माणूस काम आटोपून निघून गेल्यावर यायची.

इंटरनेट कंपनीच्या प्रतिनिधीने यावर जास्त वेगाचा प्लॅन घेण्याचा सल्ला दिला आणि लॉकच्या मदत केंद्राने सगळे रीसेट करून पुन्हा जोडायला सांगितले. पहिला सल्ला तर सरळच गैरलागू होता, कारण दार उघडण्याच्या आज्ञेत माहिती इतकी थोडी असते की कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी येणाऱ्या सुप्रभातच्या एका चित्रात अशा शेकडो आज्ञा मावतील. लॉकला वेग लागत नाही, त्याला न तुटणारा संपर्क लागतो, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे विक्रेत्यांना माहीत नसावे असे मला वाटत नाही.

रीसेट करण्याआधी साखळीतली नेमकी कोणती कडी तुटते आहे ते पाहायचे मी ठरवले. आमचे लॉक स्वतः वाय-फायशी बोलत नाही. ते कमी वीज लागणाऱ्या ब्लूटूथवर चालते आणि भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बसवलेल्या एका लहानशा गेटवेशी बोलते; गेटवे वाय-फायने राउटरशी, राउटर फायबरने कंपनीच्या सर्व्हरशी आणि सर्व्हर माझ्या मोबाइलशी. ठाण्याला गेल्यावर दारापाशी उभे राहून मोबाइलच्या ब्लूटूथवरून लॉक उघडून पाहिले, तेव्हा ते दर वेळी लगेच उघडले, म्हणजे लॉकमध्ये दोष नव्हता. त्याच वेळी अ‍ॅपमध्ये गेटवे मात्र ऑनलाइनच दिसत होता, म्हणजे राउटर आणि इंटरनेटही ठीक होते. उरला तो गेटवे आणि लॉक यांच्यातला ब्लूटूथचा टप्पा. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये या टप्प्याच्या सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. तिथे उणे ९२ हा आकडा होता आणि तोही दार लावले, उघडले, मध्ये कोणी उभे राहिले की बदलत होता.

हे आकडे उणे असतात आणि शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. या आकड्यांत १० चा, म्हणजे १० डेसिबलचा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक आणि २० डेसिबलचा म्हणजे शंभरपट. उणे ६० ते ७० च्या दरम्यान असा संपर्क निर्धास्त चालतो, तर उणे ९० च्या पलीकडे तो चालला तरी नशिबावर चालतो.

इतका सिग्नल जात कुठे होता, याचे उत्तर इमारतीत होते. लॉक बसवायला आलेल्या माणसाने गेटवे राउटरच्या शेजारीच लावला होता आणि राउटर होता आतल्या बेडरूममध्ये, कारण फायबरची जोडणी बिल्डरने तिथे काढून दिली आहे. आमचा टॉवर मिवान पद्धतीचा आहे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच ओतलेले. अशा घरात आतल्या भिंतीसुद्धा विटांच्या नसून सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात. भिंतीला ड्रिल मारताना सुतार जी कुरकुर करतो, तीच कुरकुर रेडिओ लहरीही करत असणार. गेटवेपासून दारापर्यंतच्या सरळ रेषेत अशा दोन भिंती, पलीकडे फ्रिज आणि दाराशेजारच्या चपलांच्या कपाटाला लावलेला आरसा, एवढे सगळे येत होते. फ्रिजचा पत्रा आणि आरशामागचा धातूचा थर या लहरी परतवून लावतात. इंटरनेटवर या विषयावर सापडणारा बराचसा सल्ला अमेरिकेतल्या घरांना धरून लिहिलेला असतो. तिथे भिंती बहुधा लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकून केलेल्या असल्याने ‘राउटर घराच्या मध्यावर ठेवा’ एवढ्याने काम भागते. मिवानच्या घरात तेवढे पुरत नाही.

गेटवे एका एक्स्टेन्शन बोर्डावर लावून मी घरभर फिरले आणि प्रत्येक जागी थोडा वेळ थांबून आकडा टिपला. दार बंद ठेवूनच मोजायचे, ही अट मी स्वतःवर घातली होती, कारण लॉकला रोज काम करायचे असते ते बंद दारातच. हॉलमध्ये दारासमोरच्या भिंतीवर, आरसा आणि फ्रिज दोन्ही टाळून, ब्लूटूथचा आकडा उणे ६३ आला. तिथे डोअरबेलच्या स्विचबोर्डावरून इलेक्ट्रिशियनने एक सॉकेट काढून दिले. ब्लूटूथचा प्रश्न संपला आणि अडचण एक टप्पा मागे सरकली, कारण त्याच जागी बेडरूममधल्या राउटरचे वाय-फाय उणे ७९ होते. आता लॉक गेटवेला दिसत होते, पण गेटवे अधूनमधून राउटरला दिसत नव्हता.

इथे दुकानदार रिपीटर (वाय-फाय पकडून पुढे पाठवणारा डबा) किंवा मेशचा संच (आपसात जोडून घरभर वाय-फाय देणारे डबे) पुढे करतो. माझे मत असे की, काँक्रीटच्या घरात दोन मेश डब्यांनी आपसात वाय-फायनेच बोलायचे असेल, तर त्यांच्या मध्येही तीच भिंत उभी राहते आणि आपण पैसे देऊन फक्त दुबळ्या कडीची जागा बदलतो. त्याऐवजी बेडरूममधून हॉलमध्ये टीव्हीच्या केबलसाठी बिल्डरने भिंतीत टाकलेला पाइप उपयोगी आला. डिशची केबल आता कोणी वापरत नव्हते, म्हणून तिच्याच टोकाला कॅट-६ची (नेटवर्कची) केबल बांधून ती ओढून घेतली आणि हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, पण पडद्याच्या कडेबाहेर राहील असा, केबलमधून आलेले इंटरनेट वाय-फायने पसरवणारा एक साधा अ‍ॅक्सेस पॉइंट लावला. या सगळ्या कामात हीच गोष्ट सर्वांत जास्त फळाला आली, आणि खर्चही मेशच्या संचापेक्षा कमीच झाला. ज्यांच्याकडे असा मोकळा पाइप असेल, त्यांनी आधी तो तपासावा.

अ‍ॅक्सेस पॉइंटच्या सेटिंगमध्ये थोडे हात घालावे लागले. आमचा गेटवे फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतो, म्हणून त्याच्यासाठी त्या पट्ट्याला वेगळे नाव दिले. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही पट्टे एकाच नावाखाली ठेवले की काही उपकरणे जोडताना अडखळतात. चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्याचा ठरावीक तुकडा, आपोआप निवडण्याची सोय बंद केली. टॉवरमध्ये वरून, खालून, शेजारून इतके राउटर बोलत असतात की मोबाइलवरच्या वाय-फाय तपासणाऱ्या अ‍ॅपमध्ये त्यांची यादी संपता संपत नाही. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल नेहमी वापरले जातात, कारण ते एकमेकांवर चढत नाहीत. त्यांतला आमच्याकडे त्यातल्या त्यात मोकळा असलेला १ पक्का केला आणि चॅनेलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्‌झ ठेवली. शेजाऱ्यांच्या गर्दीचा त्रास ब्लूटूथपेक्षा वाय-फायलाच अधिक होतो. ब्लूटूथ सतत वारंवारता बदलत राहते आणि स्वतःची ओळख जाहीर करण्यासाठी ते जे तीन चॅनेल वापरते, ते वाय-फायच्या १, ६ आणि ११ च्या मधल्या व कडेच्या फटींत बसतील असेच ठरवलेले आहेत.

एवढे झाल्यावरही लॉक कधी कधी काही मिनिटांपुरते गायब व्हायचे. वेळा जुळवून पाहिल्यावर कारण विजेत सापडले. वीज गेली की सोसायटीचा जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद लागतात. पंखा आणि दिवे त्यातून लगेच सावरतात, पण फायबरचा मोडेम आणि राउटर पुन्हा सुरू होऊन जोडणी मिळेपर्यंत बराच वेळ जातो, आणि नेमका त्याच वेळी कोणी दाराशी आले की आमची पंचाईत. राउटरसाठी मिळणारे छोटे १२ व्होल्टचे यूपीएस दोन ठिकाणी लावले, एक मोडेम आणि राउटरला, दुसरे अ‍ॅक्सेस पॉइंटला. दुसऱ्याला ५ व्होल्टचे यूएसबी तोंडही असल्याने गेटवे त्यावरच चालतो. असे यूपीएस घेताना व्होल्टबरोबरच आपल्या अडॅप्टरवर लिहिलेले अँपिअरही जुळवून घ्यावे.

पावसाळ्यात अ‍ॅपवर ‘उघडता आले नाही’ असा संदेश पुन्हा दिसू लागला, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी दोष सिग्नललाच दिला. आकडे तपासले तर ते जागच्या जागी होते. आईने मात्र सहज सांगितले की हल्ली दार जरा ढकलून लावावे लागते. दमट हवेने दार फुगले होते, बोल्ट चौकटीतल्या पट्टीला घासत होता आणि मोटर अर्ध्यात थांबत होती. सुताराने दाराच्या कडेला रंधा मारला, पट्टी थोडी सरकवली, आणि तो संदेश येणे बंद झाले. अशा घासाघाशीत बॅटरीही लवकर उतरते. आमच्या लॉकच्या माहितीपुस्तिकेत अल्कलाइन सेलच घालायला सांगितले आहे आणि ते बरोबर आहे; रिचार्ज होणारे नेहमीचे सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे किती चार्ज उरला आहे याचा लॉकचा अंदाज चुकतो.

संपर्क कितीही सुधारला तरी दारात अडकायची वेळ येऊ नये, म्हणून यांत्रिक किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवली आहे. फिजिओथेरपिस्टसाठी ठरावीक वेळेपुरता चालणारा पासवर्ड काढून दिला आहे. तो लॉक स्वतःच्या घड्याळावरून पडताळते, त्यामुळे इंटरनेट बंद असले तरी चालतो, आणि खरे तर दुरून उघडण्याची वेळ त्यामुळे फार थोड्या वेळा येते. त्या घड्याळाची वेळ मात्र अधूनमधून अ‍ॅपमधून जुळवून घ्यावी लागते.

आता पुण्याहून बटण दाबल्यावर दार उघडायला दोन-तीन सेकंद लागतात. बॅटरी वाचवण्यासाठी लॉक बहुतेक वेळ झोपलेले असते आणि ठरावीक अंतराने क्षणभर जागे होऊन आपल्यासाठी काही निरोप आहे का ते पाहते, त्यामुळे एवढा विलंब राहणारच. बाबा दारावरच्या माणसाला ‘थांबा, पुण्याहून उघडतंय’ असे आतूनच ओरडून सांगतात.