आमची वाटचाल : बिअर त्यांची, पिंप आमचं

न्यू जर्सीतल्या आमच्या दुकानात बिअर मिळत नाही. घरी केलेली बिअर विकायला इथे बंदी आहे. स्वतःसाठी करायला मात्र १९७९ पासून केंद्राच्या कायद्याने मुभा आहे : एकट्याला वर्षाला १०० गॅलन, घरात दोघं प्रौढ असतील तर २००. म्हणून आम्ही बिअरचा कच्चा माल, म्हणजे माल्ट, हॉप्स आणि यीस्ट विकायला बसलो. दोन वर्षं जेमतेम भाडं सुटलं.

वळण लागलं ते माझ्या फजितीमुळे. मित्राच्या पन्नाशीला पाच गॅलनचा भरलेला केग, म्हणजे बिअरचं पिंप, सुमारे २५ किलोचं धूड, मागच्या सीटवर आडवा टाकला, जुलैच्या उन्हात तासभर गाडी हाकली आणि पोचल्या पोचल्या नळ सोडला. ग्लासात नुसता फेस, त्यात ढवळलेला गाळ. एक काका म्हणाले, "अरे, ताक आणलंस का?"

मग आम्ही केग भाड्याने द्यायला लागलो, बिअरला फसफस आणणाऱ्या गॅससकट (कार्बन डायऑक्साइड) आणि शिकवणीसकट. पहिले डझनभर केग जुने, सोड्याच्या सिरपचे घेतले. त्यातला रूट बिअर नावाच्या सोड्याचा वास काही केल्या जाईना. शेवटी रबरी रिंगा बदलल्या तेव्हा गेला.

गिऱ्हाइकाला आधी संयम शिकवावा लागतो. बिअरमध्ये गॅस मुरायला ३ अंश सेल्सिअस, १२ पीएसआय (गॅसच्या दाबाचं माप), आठ-दहा दिवस. घाईची मंडळी ३० पीएसआय लावून केग गदागदा हलवतात आणि मग जास्तीचा गॅस काढत बसतात. निघायच्या आदल्या दिवशी गॅसच्या दाबानेच बिअर दुसऱ्या केगमध्ये ढकलायची, म्हणजे गाळ घरीच राहतो. गाडीत केग उभा, बर्फात. सिलिंडरही उभा आणि बांधलेला, नाहीतर द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो. काचा थोड्या उघड्या ठेवायच्या; बंद गाडीत गळती झाली तर जिवावर बेतेल. आणि केगपासून नळापर्यंतची नळी दहा फुटांचीच; आखूड असली की बिअर जोरात येते आणि फेस होतो. "एवढी लांब कशाला?" म्हणून एकाने ती परस्पर कापली. त्याच्याकडेही ताकच निघालं.

येत्या शनिवारी एका लग्नात नवरीच्या बाबांनी केलेली बिअर आहे. ३ केग, म्हणजे १२ औंसाचे दीडशेएक ग्लास. केग त्यांच्याच गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये आहेत, आणि रोज सकाळी फोन करून ते मला विचारतात, "गॅस मुरला का हो?"