संगम दिसला का?

दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला आणि माझी अख्खी सकाळ त्यातच गेली. डबा मुळात चकलीचा. आता त्यात माझा युरोप आहे.

पहिली सहल 2009 ची, टूरबरोबर, बारा दिवसांत सात देश. बसमधून उतरायचं, फोटो काढायचा, दुकानात शिरायचं. तेव्हा घेतलेला पिसाचा प्लास्टरचा मनोरा, व्हेनिसचा मुखवटा, ल्युसर्नची गाईच्या गळ्यातली घंटा शोकेसमध्ये आहेत. त्या पुसताना मला दुकान आठवतं, गाव आठवत नाही.

डब्यातल्या वस्तू नंतरच्या, लेक जर्मनीला राहायला गेल्यावरच्या. पॅरिसच्या मेट्रोचं बोटभर पांढरं तिकीट, पाठीवर तपकिरी पट्टी. गेटात इकडून घालायचं, तिकडून वर येतं ते उचलायचं, मग दार सुटतं. ती तिकिटं पॅरिसने आता मोडीत काढली, म्हणून याला जास्तच जपते. म्युझियमची तिकिटं मात्र कोरी झाली. उष्णतेने छापलेला कागद असतो तो, अक्षरं आपोआप उडतात. प्रागचं कुठलं नि ॲमस्टरडॅमचं कुठलं, काही कळेना. तुमच्याकडे असली तिकिटं असतील तर आजच झेरॉक्स काढून ठेवा.

डब्याच्या तळाशी फ्लॉरेन्सच्या ट्रामचं तिकीट आणि माझ्या वडिलांची, अण्णांची, खिशातली डायरी आहे. खरं तर हे सगळं त्या डायरीबद्दलच लिहायचं होतं.

आम्ही कोल्हापूरचे. लहानपणी रविवारी अण्णा मला टाऊन हॉलच्या बागेत न्यायचे आणि छत्रपती राजाराम महाराजांची गोष्ट सांगायचे. शाहू महाराजांच्या आधीचे हे महाराज. 1870 साली विलायतेला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले आणि परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. त्या काळी इटलीत दहनाची चाल नव्हती. खास परवानगी काढून शहराबाहेर आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. अण्णा इथे नेहमी थांबायचे. "परक्या मुलखात त्या माणसांनी संगम हुडकला बघ," म्हणायचे.

2016 च्या ऑक्टोबरात लेकीबरोबर फ्लॉरेन्सला गेले. निघताना अण्णांनी अंबाबाईच्या कुंकवाची पुडी हातात दिली होती, कागदाला चार घड्या घालून. दोन दिवस चित्रं, पुतळे, घुमट बघून झाले. तिसऱ्या सकाळी लेक म्हणाली, "आई, आज तुझ्या महाराजांकडे."

काशीने नावाच्या स्टॉपवर ट्राममधून उतरलो. त्याच नावाची बाग नदीकाठाने लांबच लांब पसरली आहे आणि समाधी तिच्या पार शेवटच्या टोकाला. चांगली दोन-अडीच किलोमीटरची चाल. पळणारी माणसं, कुत्री फिरवणारी माणसं, पायाखाली ओला पाचोळा. एका आजोबांना नकाशा दाखवला, तर त्यांनी नकाशाकडे न बघता हात लांब करून सांगितलं, "इंदियानो!" म्हणजे भारतीय. शेजारचा केबलवर तोललेला मोठा पूलसुद्धा त्याच नावाचा आहे.

आणि मग झाडांमधून छत्री दिसली. आपल्याकडे राजघराण्याच्या समाधीवर असते तशीच, खांबांवर घुमट. आत महाराजांचा अर्धपुतळा, रंगवलेला. पगडी, गळ्यात दागिने आणि चेहरा इतका कोवळा की मला कॉलेजातला मुलगा आठवला. ही छत्री इंग्रज वास्तुकार मेजर चार्ल्स मँट यांनी आखलेली. आमचा टाऊन हॉल त्यांचा, नवा राजवाडाही त्यांचाच. ज्या बागेत मी ही गोष्ट ऐकली, तिथली इमारत आणि ही छत्री एकाच माणसाच्या हातची, हे तिथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा आत उतरलं. मी चपला काढल्या. लेकीनेही न सांगता बूट काढले. कठड्यापाशी चिमूटभर कुंकू वाहिलं आणि पुढे काठावर गेले. मुन्योने बारकीच आहे, ओढाच म्हणा. गढूळ आर्नोत ती गुपचूप मिसळते. तिथलंच एक वाळकं पान उचललं, बाकी काही घेतलं नाही.

परत आल्यावर अण्णांनी ना डेव्हिडच्या पुतळ्याचं विचारलं, ना कलत्या मनोऱ्याचं. चहाचा कप खाली ठेवून पहिला प्रश्न केला, "संगम दिसला का?"

मी पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डायरीत ठेवलं आणि परत मागायची सोय ठेवली नाही. येईल त्याला डायरी उघडून दाखवायचे. हात लावू द्यायचे नाहीत.

अण्णा गेले आणि डायरी माझ्याकडे आली. पानाचे तीन तुकडे झालेत, देठ तेवढा शाबूत आहे. काल त्यावर बटर पेपर घालून कडा चिकटवल्या. डायरीच्या त्याच पानावर वर, शाईच्या पेनाने, अण्णांचं तिरकं अक्षर आहे: 'आर्नो व मुन्योने. लेकीने पाहिला.'