ऑब्ड्युरेट माणसाचं पुढे काय झालं?

दुपारी जरा डोळा लागत होता तर मोबाईल टुंग वाजला, बघितलं तर कुणाचा मेसेज वगैरे नाही, शब्दांच्या ॲपवर आजचा शब्द आलेला. ऑब्ड्युरेट. अर्थ दिलेला, हट्टी, कितीही समजावलं तरी न बधणारा, आणि खाली एक वाक्य की सगळ्यांनी विनवण्या केल्या पण तो ऑब्ड्युरेटच राहिला. झालं, संपलं. अरे पण कसल्या विनवण्या? सगळे म्हणजे कोण? घर विकायला तयार नव्हता की भावाशी बोलायला?

मला ही खोडच आहे. डिक्शनरीत जायचं शब्दासाठी आणि मागे लागायचं उदाहरणातल्या माणसांच्या. बिचाऱ्यांना नावंसुद्धा नसतात, नुसते तो आणि ती, एका वाक्यापुरते जगतात. एका पानावर ती त्याच्याकडे तुच्छतेने बघते, पंधरा-वीस पानांनी तो तिच्यापुढे गयावया करतो, मधे काय घडलं ते कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. पण खरं सांगते, अर्थ विसरते मी, ही माणसं नाही विसरत.

नुसत्या अर्थाचं तसंही काय. एका शब्दाला विचारावं तर तो दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि तिसरा म्हणतो त्या पहिल्या खिडकीवर चौकशी करा. सॅम्युअल जॉन्सनने तर 1755च्या डिक्शनरीत कमालच केलीय. नेटवर्क, म्हणजे आपली साधी जाळी, तिचा अर्थ सांगताना त्याने रेटिक्युलेटेड, डेकसेटेड आणि इंटरस्टिसेस हे शब्द वापरलेत. आता ज्याला हे तिन्ही येतात तो जाळीचा अर्थ शोधत कशाला येईल? पण त्याच जॉन्सनने शब्दांखाली लेखकांची लाखाच्या वर वाक्यंही दिली, म्हणून त्याला माफ. पुढे ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी 1928मध्ये पूर्ण झाली तेव्हा तिच्यात अशी अठरा लाखांहून जास्त अवतरणं होती, आणि त्यातली कितीतरी सामान्य वाचकांनी चिठ्ठ्यांवर उतरवून पोस्टाने पाठवलेली, फुकटात.

मग 1987ला कोबिल्ड नावाची डिक्शनरी आली. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांचं म्हणणं असं की उदाहरणं मनाने रचायची नाहीत, लोकांनी खरोखर लिहिलेलं-बोललेलं कंप्युटरवर साठवायचं आणि त्यातूनच उचलायची. हे वाचलं त्या दिवशी मी उगाच खूश झाले. म्हणजे तशा डिक्शनरीत हट्टी माणूस भेटला तर तो कुठेतरी कुणीतरी खरंच लिहिलेला असणार, आणि कदाचित त्याचं पुढचं वाक्यही कुठेतरी असेल.

आमच्या घरी शब्द आले ते ताईच्या जीआरईमुळे, परदेशात पुढे शिकायला जायचं तर देतात ती परीक्षा. सगळीकडे फ्लॅशकार्डं, फ्रिजवर, आरशाच्या कडेला, उशीखाली. माझं काम कार्ड धरून विचारायचं, आणि मी ते फार कडक परीक्षकासारखं करायचे. ॲब्स्टेमियस? खाण्यापिण्यात संयमी. टॅसिटर्न? मितभाषी. धडाधड उत्तरं. मग माझ्या लक्षात आलं की ती शब्द वाचतच नाही, ॲब्स्टेमियसच्या कार्डावर चहाचा डाग होता आणि टॅसिटर्नचा कोपरा दुमडलेला. मी गुपचूप तेच शब्द कोऱ्या कार्डांवर लिहून आणले तर बाईसाहेब गप्प, आणि मग जे धपाटे बसले ते वेगळेच.

पण डागालाही संदर्भच म्हणायचं ना? 1975मध्ये गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी पाण्यात बुड्या मारणाऱ्यांना काही शब्द पाण्याखाली पाठ करायला दिले, काही काठावर. पाण्याखाली शिकलेले पाण्याखालीच जास्त आठवले, काठावरचे काठावर. 2021मध्ये तो प्रयोग पुन्हा केला तर तसा फरक दिसलाच नाही म्हणे, पण मी माझ्यापुरता पहिलाच निकाल धरून ठेवलाय, ताईचं कार्ड मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि ते जे सांगतात ना, अडलं तर पुढे वाच, संदर्भातून कळतं आपोआप, ते निम्मं खरं. 'म्हातारा फार टॅसिटर्न होता' एवढ्यावरून काय कळणार कपाळ? टकला असेल, कंजूष असेल, ऐकू कमी येत असेल. तासभर शेजारी बसला आणि 'हं'च्या पुढे गेला नाही असं कुणी लिहिलं तर शब्दाकडे बघायचीसुद्धा गरज नाही. मात्र लेखक काही आपल्या सोयीने लिहीत नसतात, ते म्हाताऱ्याला टॅसिटर्न म्हणून सोडून देतात आणि हवापाण्याबद्दल बोलायला लागतात. तेव्हा मुकाट्याने डिक्शनरी. आणि मग तोच शब्द चार-सहा ठिकाणी परत भेटायला हवा, वेगवेगळ्या माणसांच्या अंगावर, तेव्हा कुठे तो वापरताना जीभ अडखळत नाही.

ताईच्या परीक्षेत शब्द आणि त्याचा उलटा शब्द असे प्रश्न असायचे. 2011च्या ऑगस्टपासून जीआरईने ते काढूनच टाकले, आता परिच्छेदातल्या गाळलेल्या जागा भरायच्या. ताईला ते कळलं तेव्हा ती एखादी शिवी आठवत असावी, इंग्रजीत नाही.

बाकी लाँगमन या प्रकाशकांनी 1978मध्ये त्यांच्या डिक्शनरीतले अर्थ साधारण 2000 सोप्या शब्दांत सांगायचं ठरवलं आणि जमवलंही बऱ्यापैकी. म्हणजे 2000 शब्दांत सगळं सांगता येतं तर उरलेले कशाला, असा प्रश्न मी ताईला टाकला. ती मीटिंगमध्ये होती. तिच्या ऑफिसात दिवसभर अलाइन, सिंक आणि फॉलो-अप या तीन शब्दांवर भागतं, चौथा लागलाच तर 'बेसिकली'.