सात काठ्या आणि एक अन्वस्त

अंधांसाठीच्या साधनांच्या प्रदर्शनाला गेले ती ऑफिसच्या कामाने. आमच्या सेंटरला वर्षातून एकदा नवीन साधनं घ्यायची असतात आणि काय घ्यायचं हे मी ठरवायचं असतं, कारण शिकवणारी मी आणि वापरणारीही मीच. मला जन्मापासून दिसत नाही. मोठ्या वयात ज्यांची नजर जाते त्यांना मी कॉम्प्युटर आणि मोबाईल शिकवते, स्क्रीन रीडर लावून, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. बरोबर ऑफिसमधला एक डोळस मुलगा होता, बिलं आणि कोटेशनं गोळा करायला, आणि शेवटच्या क्षणी सर म्हणाले मीही येतो.

सर म्हणजे आमचे विद्यार्थी. पण सगळं सेंटर त्यांना सरच म्हणतं कारण तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस, दुसरं काय म्हणणार. काचबिंदूने गेली नजर. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, आधी कडेचं खातो आणि मग आत सरकत येतो, आणि गेलेलं परत येत नाही. सर सांगतात की फळ्याच्या कडेला लिहिलेलं पुसायचं राहून जायचं आणि पोरं हसायची, त्यांना वाटायचं आपलंच लक्ष नाही. पोरांना आधी कळलं म्हणायचं.

चार महिन्यांत टायपिंग छान आलं त्यांना, मोबाईल पण येतो, पण ब्रेलचं नाव काढलं की विषय बदलायचे. "अगं या वयात बोटं कुठे शिकतायत." आणि गणित तर सोडूनच दिलेलं. स्क्रीन रीडरला नीट लिहिलेलं समीकरण असेल तर वाचता येतं, पण बहुतेक ठिकाणी समीकरण म्हणजे नुसता फोटो असतो आणि फोटोवर तो गप्प, किंवा मग एक्सचा वर्ग असेल तर "एक्स दोन" म्हणून मोकळा होतो. सर एकदा म्हणाले होते, तोंडी हिशोब होतात गं, पण हवेत लिहून समीकरण सुटत नाही.

तर प्रदर्शन. दारात शिरल्या शिरल्या कळलं की आज आपल्याला पाहुणे म्हणून नाही, विषय म्हणून बोलावलंय. स्टॉलचे नंबर छापील, वर कुठेतरी टांगलेले, जमिनीवर पायाला कळेल अशी एकही पट्टी नाही, आणि माहितीपत्रक गुळगुळीत आर्ट पेपरवर. ऑफिसमधला मुलगा वाचून दाखवत होता म्हणून चाललं. अंधांसाठीच्या साधनांचं प्रदर्शन आणि अंधाने एकट्याने फिरायची सोय नाही, हे आम्हाला इतकं सवयीचं आहे की मी चिडले पण नाही, सर मात्र चिडले, ते नवीन आहेत ना.

पहिल्या रांगेत काठ्या. मी मोजल्या, सात. सात स्टॉलवर सात स्मार्ट काठ्या आणि सातही बनवणाऱ्या मुलांना मनापासून वाटत होतं की ही जगातली पहिली आहे. आतलं यंत्र बहुतेकांचं एकच असतं, अल्ट्रासोनिक सेन्सर, ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो जो माणसाला ऐकू येत नाही, तो समोर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो, आणि अडथळा जवळ आला की बीप. लांब असेल तर हळू बीप, जवळ असेल तर जोरात बीप, आणि गर्दीच्या हॉलमध्ये सगळंच जवळ असतं त्यामुळे सलग बीप. सात काठ्या एकदम चालू. सर म्हणाले, वर्गात सगळ्यांची घड्याळं एकदम वाजल्यासारखं झालंय.

या मुलांना मला दरवेळी तेच सांगावं लागतं. साधी पांढरी काठी मुकी नसते. तिचं टोक जमिनीवर आपटलं की जो टक् आवाज येतो तो भिंतीजवळ वेगळा येतो, उघड्या दारापाशी वेगळा, आणि मी चालते ती त्या आवाजावर. तुम्ही त्याच्यावर बीप लावलात तर तुम्ही मला सेन्सर दिला नाही, माझा होता तो काढून घेतलात. शिवाय समोर बघणाऱ्या सेन्सरला खड्डा कळत नाही, खाली जाणारी पायरी कळत नाही, कारण तिथून परत यायला काही नसतं. काठीला कळते, टोक खाली जातं, संपलं. साध्या काठीला खरंच जे जमत नाही ते म्हणजे गुडघ्याच्या वरचं, उघडी खिडकी, वाकलेली फांदी, उभ्या ट्रकचा मागचा भाग. तेवढंच बघायचं आणि मुठीत थरथरून सांगायचं, आवाज नाही करायचा, असं असेल तर मी घेईन. आयआयटी दिल्लीत बनलेली स्मार्टकेन आहे ना, २०१४ पासूनची, ती याच विचाराची आहे, नेहमीच्या काठीच्या मुठीवर बसते आणि काठीला काठीचं काम करू देते.

पाचव्या की सहाव्या स्टॉलवर तर कमाल झाली. तिथला मुलगा माझ्याशी बोलेचना, ऑफिसमधल्या मुलालाच विचारतोय, "यांना किती दिसतं?" आणि मग उत्साहात त्यालाच म्हणतो, सर तुम्ही डोळे मिटून चालून बघा ना, मग कळेल. मी शेजारी उभी. माझे आयतेच मिटलेले. सर इतके हसले की त्या मुलाला काय चुकलं ते कळलं असावं, कारण मग त्याने काठी मुकाट्याने माझ्या हातात दिली. ती चालली ठीक, जड होती.

पुढच्या रांगेत कॅमेऱ्याचे चष्मे. समोर काय आहे ते कानात सांगतात, छापील वाचून दाखवतात. हे मी वापरते, म्हणजे मोबाईलवर वापरते, आणि नाव ठेवणार नाही, पत्र कुणाचं आलं हे शेजाऱ्याला न विचारता कळणं ही छोटी गोष्ट नाही. फक्त त्यांचा आत्मविश्वास मला झेपत नाही. तिथे औषधाची बाटली ठेवली होती, चष्म्याने एक्सपायरीची तारीख ठणठणीत आवाजात सांगितली आणि ऑफिसमधला मुलगा हळूच म्हणाला, ताई वर्ष चुकलं. चुकताना आवाज जरा पण चाचरला नाही. माणूस वाचताना अडखळतो ना, ते अडखळणं पण माहितीच असते.

एका टेबलावर जुनी यंत्रं होती, तिथे मी खूप वेळ रमले, कामाचं काही नव्हतं खरं तर. पर्किन्स ब्रेलर, ब्रेलचा टाइपरायटर, १९५१ पासून बनतोय, सहा बटणं आणि ओळ संपत आली की घंटी, त्याच्या घंटीवर मी वाढले. आणि ऑप्टाकॉन! नाव ऐकलं होतं, हात कधी लागला नव्हता. १९७१ ला विकायला आलेलं यंत्र, जॉन लिनविल नावाच्या प्रोफेसरांनी स्वतःच्या अंध मुलीसाठी डोकं लावलेलं. एका हाताने बारका कॅमेरा छापील ओळीवरून सरकवायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट १४४ पिनांवर ठेवायचं, त्या थरथरतात, आणि अक्षर जसं छापलंय त्याच आकारात बोटाखालून सरकत जातं. हे चालू होतं! मुंग्या रांगेने चालल्यासारखं वाटतं. मला छापील अक्षरांचे आकार फारसे माहीत नाहीत त्यामुळे मला नुसत्या मुंग्या. सरांनी बोट ठेवलं आणि दोन मिनिटांनी म्हणाले, "ए. हा ए आहे. मधली आडवी दांडी लागली." मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यानंतरचा स्टॉल खरा. स्पर्शाने वाचायची स्क्रीन. ब्रेल डिस्प्ले आमच्याकडे आहे, ४० अक्षरांची एक ओळ, प्रत्येक अक्षराला आठ पिना, म्हणजे ३२० पिना आणि प्रत्येकीखाली वीज दिली की वाकणारी स्वतःची पट्टी, म्हणून तर ते इतकं महाग पडतं. पण ती एकच ओळ. इथे मात्र अख्खा पाट होता, ६० आडव्या आणि ४० उभ्या, २४०० पिना, आणि त्यावर चित्र उठतं. आधी त्यांनी मला मांजर दाखवलं. मला मांजर हाताला जशी लागते तशी ती अजिबात नव्हती, पण म्हटलं असेल. मग तो मुलगा म्हणाला ग्राफ दाखवतो, काहीतरी खर्रकन वाजलं आणि पिना बदलल्या, आणि मी सरांचा हात धरून त्यावर ठेवला.

सरांनी आधी दोन्ही तळवे फिरवले. मग तर्जनीने खाली शिरोबिंदू शोधला आणि तिथून नखाने पिना मोजायला लागले. तीन उजवीकडे, एक वर. सहा उजवीकडे, चार वर.

"अन्वस्त आहे, पॅराबोला. पण एक्सचा वर्ग नाहीये हा."

मुलगा म्हणाला, "आहे सर, वाय बरोबर एक्सचा वर्गच आहे. बसावा म्हणून आडवं तिप्पट ताणलंय."

"मग प्रमाण कुठे लिहिलंय?"

मुलगा गप्प. "प्रमाण लिहिलं नाही तर मी मार्क कापायचो," सर म्हणाले, आणि तो आवाज मी आमच्या सेंटरमध्ये चार महिन्यांत एकदाही ऐकला नव्हता. हा वर्गातला आवाज होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा. मग त्यांनी त्या मुलाला तिथेच उभं करून शिकवायला घेतलं, नाही, उलट, मला शिकवायला घेतलं, माझं बोट धरून. "हे बघ, खाली पिना चिकटून आहेत, एकीला एक. आता वर चल. बघ, फट पडली. अजून वर, दोन पिनांएवढी, मग तीन. रेषा तुटली असं वाटतंय ना? तुटली नाही, चढ वाढलाय. जितकी फट मोठी तितका चढ उभा."

मी शाळेत टेलर फ्रेमवर गणित केलंय, अष्टकोनी भोकांत शिशाचे खिळे फिरवून फिरवून बसवायचे, खिळ्याची दिशा म्हणजे आकडा. आकडेमोड झाली त्यावर. आलेखाचा प्रश्न आला की मला सूट असायची. सूट म्हणजे दुसरा प्रश्न मिळायचा आणि आलेख काय असतो ते कुणी सांगायचं नाही. चढ वाढतो म्हणजे काय हे वाक्य मी परीक्षेसाठी पाठ केलेलं आहे. ते माझ्या बोटाखाली त्या दिवशी आलं, आणि ते देखील यंत्राच्या मर्यादेमुळे, पिना कमी होत्या म्हणून फटी पडल्या ना.

मागे रांग लागली होती, मुलगा दोनदा घसा खाकरला. सरांनी त्याच्याकडून साइन कर्व्ह काढून घेतला, मग टॅन मागितला, तो कडेला जाऊन कापला गेला तेव्हा म्हणाले, बरोबर आहे, तो कुणालाच मावत नाही.

ते यंत्र आम्हाला परवडणारं नव्हतं. मी कोटेशन घ्यायला सांगितलं, ते फाईलला लागेल. आम्ही घेतलं काय तर दोन घडीच्या काठ्या, पाणी काठोकाठ आलं की वाजणारी लिक्विड इंडिकेटरं आणि हाताने ब्रेल लिहायच्या पाट्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. मी अजून उठायची.

"अगं, ब्रेलमध्ये वर्गमूळ कसं लिहितात?"

म्हटलं सर, गणितासाठीच्या ब्रेलचा नेमेथ कोड आहे, अब्राहम नेमेथ, स्वतः अंध गणिती होते, १९५२ चा. मुळाच्या आधी ब्रेलच्या सहा ठिपक्यांतले ३, ४, ५. आणि आतलं संपलं की १, २, ४, ५, ६.

"संपलं की कशाला?"

"तुमच्यात वरून रेघ असते ना सर, आत किती ते तिच्यावरून कळतं. आमच्यात ओळ सरळ जाते, वर काही नाही. म्हणून संपलं ते लिहावं लागतं."

थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "म्हणजे छप्पर नाही, दार लावून घ्यायचं. ठीक आहे. ठिपके परत सांग, हळू."

आणि मला पलीकडून स्टायलसचा, ठिपके टोचायच्या टोचणीचा, आवाज आला, ठप्, ठप्, ठप्. पाटी त्यांनी आदल्या दिवशी सेंटरमधून कधी उचलली होती कोण जाणे, रजिस्टरला नोंद नव्हती. मी त्यांना सांगणार होते की पाटीवर उजवीकडून डावीकडे आणि उलटं लिहायचं असतं, मग म्हटलं राहू दे, कागद उलटतील तेव्हा कळेलच.