टाचेच्या सोनोग्राफीसाठी लिटरभर पाणी प्यालो

जानेवारीपासून डाव्या टाचेमागची शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड दोर, धरली होती. सकाळी अंथरुणातून उठलो की पहिली दहा पावलं भिंत धरून. रोजची रंकाळ्याची फेरी होतीच, त्यात एका रविवारी जोशात पन्हाळा पायथ्यापासून चढलो. हाडाच्या डॉक्टरांनी शीर चिमटीत दाबली, मी ओरडलो, त्यांनी चिठ्ठी लिहिली. सगळं वीस मिनिटांत.

चिठ्ठीवर होतं, ‘सोनोग्राफी, डावा घोटा’. या तीन शब्दांनी माझे बारा दिवस खाल्ले.

सेंटरचं नाव घेत नाही. वेळ साडेदहाची. काउंटरवरच्या मुलीनं चिठ्ठी न बघताच विचारलं, "काका, पाणी प्यालाय न्हवं?"

"अगं, टाचेची आहे."

"सोनोग्राफीच हाय न्हवं? मग प्यायला लागतंय. आणि लघवीला जाऊ नका."

पन्नाशीच्या माणसानं ऐकायला नको होतं, पण ऐकलं. अख्खी बाटली संपवली आणि बाकड्यावर बसलो. आधारची झेरॉक्स मागितली, ती आणायला लंगडत कोपऱ्यापर्यंत गेलो. परत येऊन ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ हा बोर्ड किती वेळा वाचला कुणास ठाऊक. साडेअकरा झाले, बारा झाले. माझ्यानंतर आलेले तिघं आत जाऊन आले. विचारलं की "बसा, बोलवतो." पाऊण वाजता पोट इतकं तट्ट झालं की टाच दुखते हेच विसरलो. शेवटी आत घेतलं, उताणं झोपवलं आणि मदतनीस शर्ट वर करायला लागला. "टाच!" असं मी जवळजवळ किंचाळलोच. "मग आधी सांगायचं न्हाई का?" हे वर.

डॉक्टरांनी घोट्याच्या पुढून आणि दोन्ही बाजूंनी प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, फिरवला, दोन मिनिटं. मागून बघा म्हटलं तर, "चिठ्ठीवर घोटा लिहिलाय." रिपोर्ट आला: सांध्यात पाणी नाही, नॉर्मल. मी खूश होऊन परत चालायला लागलो आणि दुखणं दुप्पट करून घेतलं.

ओळखीचा फिजिओथेरपिस्ट तो कागद बघून हसला. त्याच्याकडं मशीन नाही; गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळं नोंदणीशिवाय ते कुणालाच ठेवता येत नाही, टाच बघायलासुद्धा. पण चिठ्ठीवर काय हवं ते त्यानं सांगितलं: ‘अ‍ॅकिलिस टेंडन, दोन्ही पाय, डॉपलरसह’. अ‍ॅकिलिस टेंडन म्हणजे हीच टाचेमागची शीर, आणि डॉपलर म्हणजे रक्त कुठं वाहतंय ते रंगात दाखवणारी सोय. डॉक्टरांकडून तसंच लिहून घ्या. माझं ऐका.

दुसऱ्या सेंटरच्या डॉक्टर मॅडमनी पालथं झोपवलं, पावलं टेबलाच्या कडेबाहेर लोंबती. आधी चांगला पाय. स्क्रीनवर उसाचं कांडं उभं चिरल्यावर दिसतात तसे बारीक पांढरे धागे, एकाला एक लागून. त्यांनी प्रोब जरा तिरका केला आणि धागे काळे पडले. मी दचकलो. "हा कोनाचा खेळ. प्रोब सरळ नसला की चांगली शीरसुद्धा खराब दिसते." मग डावा. टाचेच्या हाडापासून चारेक सेंटिमीटर वर शीर फुगलेली, धागे विस्कटलेले, मध्ये काळपट डाग. उजवी ५ मिलिमीटर, डावी ८. डॉपलर लावल्यावर त्या डागात लाल ठिपके लुकलुकले, जोतिबाला गुलाल उडतो तसे. नव्या बारीक रक्तवाहिन्या. पाऊल वर ताणलं की ठिपके गायब, सैल सोडलं की परत. म्हणून डॉपलरच्या वेळी पाय सैल ठेवायचा. शीर फाटलेली नव्हती, एवढं ऐकून मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

उपाय पायरीवरचा. पायरीच्या कडेला चवडे, दोन्ही पायांवर उचलायचं आणि दुखऱ्या पायावर टाच हळूहळू खाली सोडायची. १५ वेळा, ३ फेऱ्या, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून. सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. ही स्वीडनच्या डॉ. आल्फ्रेडसनांची पद्धत, १९९८ ची. माझा सातवा आठवडा चालू आहे, भिंत सुटली. मॅडम म्हणाल्या, उगीच दर महिन्याला सोनोग्राफी करू नका. दुखणं गेलं तरी शीर जाडच दिसू शकते, आणि काहींची न दुखताही जाड असते.

मध्यंतरी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्या गोळ्यांनी शीर दुखावू शकते. मला दोनदा विचारलं.

आणि सैल पायजमा घालून जा. माझी जीन्स पोटरीवर चढेना, शेवटी चादर गुंडाळून झोपलो.