‘लाइव्ह’ लावलं की झटका

तक्रार वाळूज एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यातून आली होती. गोळ्यांच्या पट्ट्या पॅक करणारं मशीन चालता चालता सिंक एरर दाखवून थांबायचं. मोटर चालवणारे ड्राइव्ह ट्रिप, फॉइल वाकडी, मग साफसफाई आणि वाया गेलेला माल. मशीनच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर आमच्या पुण्याच्या टीमचं. चार कोअरचा इंडस्ट्रियल पीसी, त्यावर लिनक्स कर्नल ४.९ (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा). दोन कोअर बाजूला काढून फक्त मोटरच्या लूपसाठी, म्हणजे मोटरला ठरावीक वेळाने हुकूम देणाऱ्या कोडसाठी, राखलेले. तिथे शेड्युलर (कोअरना कामं वाटणारा कर्नलचा भाग) दुसरं काम पाठवत नाही, टायमरचा टिक बंद, उपकरणांचे इंटरप्ट (हातातलं काम थांबवायला लावणारे इशारे) उरलेल्या दोन कोअरकडे वळवलेले. लूप दर २५० मायक्रोसेकंदांनी फिरतो. तो चुकला की ड्राइव्ह थोडी कळ काढतात आणि मग ट्रिप होतात.

ऑफिसात निदान आधीच ठरलं होतं: एसएमआय. म्हणजे बायॉस ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता प्रोसेसर काही काळ ताब्यात घेतं, तो प्रकार. कारण सापडलं नाही की एसएमआयवर ढकलायचं, ही आमच्या धंद्यातली फार वाईट खोड आहे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एसएमआय मोजणारं रजिस्टर असतं, एमएसआर ०x३४. ते वाचायला मिनिटही लागत नाही. मी वाचलं. झटक्याच्या आधी आणि नंतर आकडा तोच.

खरा धागा मिळाला तो पाळीवरच्या ऑपरेटर काकांकडून. ते म्हणाले, “मॅडम, कॅमेऱ्याचं लाइव्ह लावलं की झटका देतंय. बंद करताना नाही देत. दर वेळी ट्रिप होत नाही, पण आवाज बदलतो, ऐका तुम्ही.” मी मशीनजवळ उभी राहिले. त्यांनी स्क्रीनवर लाइव्ह, म्हणजे तपासणीच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र, दाबलं आणि सर्व्हो मोटरच्या एकसुरी गुणगुणीत बारीकशी ‘खर्र’ आली. बंद केलं, काही नाही. हेच काका आधीच्या सर्व्हिस रिपोर्टमध्ये “ऑपरेटर अनावश्यक स्क्रीन उघडतो” या एका ओळीत निकाली निघाले होते. ती ओळ वाचून मला आजही राग येतो. उघडताना होतं आणि बंद करताना होत नाही, याहून नेमकं निरीक्षण आमच्या कुठल्याही लॉगमध्ये नव्हतं.

मग मी प्रॉक-इंटरप्ट्सची फाइल (कुठल्या कोअरला किती इंटरप्ट आले याची कर्नलची यादी) उघडून फंक्शन कॉल इंटरप्टची ओळ बघत बसले. एका कोअरने दुसऱ्या कोअरला ‘हे काम आत्ता कर’ म्हणून टोचलं, की इथला आकडा वाढतो. लाइव्ह लावलं की राखीव कोअरवरचा आकडा दोनने वाढे, बंद केलं की एकने. ट्रेस (कर्नलमधल्या घडामोडींची वेळेसकट नोंद) घेतल्यावर दिसलं की लावतानाचे दोन इंटरप्ट लागोपाठचे आहेत आणि त्या प्रत्येकात कोअर शेकडो मायक्रोसेकंद अडकून पडतो. बंद करतानाचा एक मात्र काही मायक्रोसेकंदांत आटपतो.

टोचणारा होता कॅमेरा कार्डाचा ड्रायव्हर. त्याच्या कर्नलमधल्या भागाचा सोर्स कार्डासोबत आला होता. लाइव्ह सुरू झालं की तो ८ एमबीचा बफर (चित्रांसाठीची मेमरी) घेतो, म्हणजे मेमरीचे ४ केबीचे २०४८ तुकडे किंवा पेजेस, आणि त्या सगळ्यांचा गुणधर्म राइट-बॅकवरून (लिहिलेलं आधी कॅशेत, म्हणजे प्रोसेसरच्या जवळच्या वेगवान मेमरीत, ठेवायचं) राइट-कंबाइनिंग (कॅशे टाळून, लिखाण गोळा करून मेमरीत पाठवायचं) करतो. लाइव्ह थांबलं की परत राइट-बॅक.

इथे थोडं खोलात जाते, कारण सगळी गोम इथेच आहे. पेज कॅशेत ठेवायचं की नाही, त्यावर लिहिता येईल की नाही, हे पेज टेबलातल्या, म्हणजे मेमरीच्या पत्त्यांच्या तक्त्यातल्या, नोंदीचे बिट ठरवतात. बिट बदलणं सोपं. पण जुनी नोंद प्रत्येक कोअरच्या टीएलबीत, म्हणजे अशा नोंदींच्या छोट्या साठ्यात, पडून असू शकते, ती सगळीकडून पुसावी लागते. शिवाय कॅशिंगचा प्रकार बदलत असेल, तर कॅशेत पडलेला त्या पेजचा मजकूरही बाहेर काढावा लागतो. आमच्या ४.९ मध्ये नियम असा, की एकदम १०२४ किंवा जास्त पेजेस असतील तर कॅशेची एकेक ओळ साफ न करता सरळ प्रत्येक कोअरवर डब्ल्यूबीआयएनव्हीडी चालवायची. ही सूचना कोअरची अख्खी कॅशे मेमरीत लिहून रिकामी करते, सगळ्या कोअरची सामाईक एल३ कॅशे सुद्धा, आणि सुरू झाली की मध्ये थांबत नाही. राइट-कंबाइनिंगकडे जाताना कर्नल आधी पेजेस अनकॅश्ड करतो, मग राइट-कंबाइनिंग. म्हणून दोन झटके. राइट-बॅककडे परतताना कॅशे साफ करण्याची गरजच नसते, फक्त टीएलबी पुसली जाते. काकांचं ‘बंद करताना नाही देत’ कर्नलच्या कोडमध्ये असं शब्दशः उतरलेलं होतं.

हे जगाला माहीत नव्हतं असंही नाही. २०१७ साली लिनक्स कर्नलवर काम करणाऱ्या जॉन ओग्नेस यांनी नेमकं यावरच पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवला होता: ही सूचना मेमरी बस १०० मायक्रोसेकंदांहून जास्त अडवते आणि कोअर कितीही वेगळा काढलेला असला तरी त्याला फटका बसतो. १०२४ पेजेस एकेक करून साफ करायला २२०० मायक्रोसेकंदांपर्यंत लागतात, पण तेवढ्या वेळात ते काम बाजूला सारून दुसरं चालवता येतं. पॅच कर्नलमध्ये गेला, पण प्रीएम्प्ट (कर्नलचं चालू काम मध्येच बाजूला सारण्याची सोय) चालू करून बांधलेल्या कर्नलपुरता. आमचा ४.९ त्याआधीचा, आणि प्रीएम्प्टही बंद.

मला चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. हा गुणधर्म बदलण्याची गरजच नव्हती. एक्स८६ वर, म्हणजे इंटेलच्या धर्तीच्या प्रोसेसरवर, पीसीआय एक्सप्रेस कार्डाचा डीएमए (कार्डाने थेट मेमरीत लिहिणं-वाचणं) साधारणपणे कॅशेशी जुळवून घेऊनच चालतो, ते हार्डवेअर बघतं. ही सवय एआरएम प्रोसेसरच्या छोट्या बोर्डांवरून उचलून आणलेली दिसते. वर तोटा असा की राइट-कंबाइनिंग मेमरीतून वाचणं कमालीचं संथ, आणि तपासणीचं सॉफ्टवेअर प्रत्येक चित्र तिथूनच वाचत होतं. शिवाय कर्नलचं थेट मॅपिंग (मेमरीचा त्याचा स्वतःचा नकाशा) २ एमबीच्या मोठ्या पेजांवर असतं. त्यातल्या ४ केबीचा गुणधर्म बदलायचा तर मोठ्या पेजचे ५१२ तुकडे करावे लागतात, आणि या कर्नलमध्ये ते पुन्हा जुळत नाहीत. मेमइन्फो फाइलमधला डायरेक्टमॅप४के (४ केबीच्या पेजांत असलेलं मॅपिंग) हा आकडा म्हणूनच पाळीगणिक चढत होता. तो कुणी बघत नव्हतं.

कार्डवाल्यांना सगळे ट्रेस पाठवले. उत्तर आलं की ही रचना ‘सपोर्टेड’ नाही. मग आम्हीच तो भाग बदलला. बफर बूटच्या वेळी, मोटर सुरू होण्याआधी एकदाच घ्यायचा, राइट-बॅकच ठेवायचा, पुन्हा हात लावायचा नाही. ‘खर्र’ गेली. चित्रतपासणीही लक्षात येण्याइतकी वेगवान झाली. काकांनी पाळीभर मुद्दाम लाइव्ह लावून बघितलं आणि स्वतः फोन करून सांगितलं.

पण फंक्शन कॉलचा तो आकडा मी अजून बघतेच आहे, आणि तो मधूनच एखाददुसऱ्याने वाढतो. रिपोर्ट कॉपी करायला कुणी पेन ड्राइव्ह लावला की यूएसबी स्टोरेजचं मॉड्यूल (लागेल तेव्हा कर्नलला जोडला जाणारा कोड) लोड होतं. लोड होताना कर्नल त्याच्या कोडची पेजेस रीड-ओन्ली करतो, डेटाची पेजेस नॉन-एक्झिक्यूटेबल, आणि टीएलबी पुसायला पुन्हा सगळ्या कोअरना टोचतो, राखीव असोत वा नसोत. इथे कॅशे साफ होत नाही, त्यामुळे काही मायक्रोसेकंदांवर निभावतं आणि लूप तेवढं पचवतो. पुढच्या मशीनचं चक्र १२५ मायक्रोसेकंदांचं आहे. माझं म्हणणं, लागतील ती सगळी मॉड्यूल्स बूटलाच लोड करावीत आणि मग सिसकंट्रोलने (कर्नलची सेटिंग बदलण्याची सोय) मॉड्यूल लोडिंग रीबूटपर्यंत बंद करून टाकावं. सर्व्हिसवाल्यांचा विरोध आहे: रात्री दोन वाजता साइटवर नवं उपकरण जोडावं लागलं, तर चालू मशीन रीबूट कोण करणार? त्यांचा प्रश्न खरा आहे. तरी नव्या मशीनच्या रिलीजवर मी अजून सही केलेली नाही.