तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रुप थिअरीचं पुढे काय झालं?

“एम.एस्सी.ला ते ॲबस्ट्रॅक्ट अल्जिब्रातले, म्हणजे अमूर्त बीजगणितातले, ग्रुप, रिंग वगैरे घोकलंत, त्यातलं नोकरीत काय लागलं हो?” हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. विचारणारी बहुतेक टी.वाय.ची मुलं, नाहीतर त्यांचे काळजीत पडलेले वडील. परवा भाच्यानं विचारलं तेव्हा “विचारशक्ती वाढते रे” हे अगदी ओठांवर आलं होतं, ते गिळलं. विचारशक्ती बुद्धिबळानं वाढते आणि भिशीचा हिशेब ठेवूनही वाढते.

आधी खरं सांगते. ग्रुप थिअरीतली सायलोची प्रमेयं मी परीक्षेपुरती पाठ केली होती. ऑफिसात आजवर त्यांची चौकशी कुणी केलेली नाही. माझं काम डेटा मायग्रेशनचं, म्हणजे पतसंस्थांची खाती जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात आणायची. त्यातला सगळ्यात चिवट भाग असा, की एकाच माणसाची खाती कुठे ‘कुलकर्णी’ तर कुठे ‘कुळकर्णी’ म्हणून लिहिलेली असतात. ती सगळी एका ग्राहक क्रमांकाखाली आणावी लागतात.

पहिल्याच मोठ्या कामात आम्ही नियम ठरवला: आडनाव तेच, पत्ता तोच आणि नावात फार तर एका अक्षराचा फरक असेल तर माणूस तोच. ऐकायला किती शहाणा नियम! ट्रायल रन झाली, याद्या छापून शाखेत गेल्या. तीन दिवसांनी तिथल्या कॅशियरकाकांचा फोन आला.

“मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरनं दीर-भावजय एक केलीत की!”

झालं होतं असं. घर एकत्र कुटुंबाचं. नरेश आणि सुरेश सख्खे भाऊ, नावात एका अक्षराचा फरक. सुरेश आणि सुरेखा नवरा-बायको, तिथेही एकाच अक्षराचा. प्रोग्रामनं नरेशला सुरेशशी जोडलं, सुरेशला सुरेखाशी जोडलं, आणि सुरेखावहिनींची मुदत ठेव नरेशभाऊंच्या नावावर दिसायला लागली. शेपटाला त्यांची नणंद रेखाही लागली होती. नरेश आणि रेखा यांच्यात एक ‘रे’ सोडला तर सारखं काय आहे सांगा!

फोन ठेवला आणि टी.वाय.चा फळा डोळ्यांपुढे आला. इक्विव्हॅलन्स रिलेशनच्या, म्हणजे कोण कुणाशी समान हे ठरवणाऱ्या नात्याच्या, तीन अटी: रिफ्लेक्सिव्ह (प्रत्येक जण स्वतःशी जोडलेला), सिमेट्रिक (अ जोडला ब शी, तर ब जोडला अ शी), ट्रान्झिटिव्ह (अ जोडला ब शी आणि ब जोडला क शी, तर अ जोडला क शी). तिसरी तपासायचा मला तेव्हा भारी कंटाळा, कारण पुस्तकातल्या उदाहरणांत ती बहुतेक पाळलेलीच असायची. ‘साधारण सारखं’ हे नातं ट्रान्झिटिव्ह नसतं. आणि तिन्ही अटी पाळल्या जात नाहीत तोवर माणसांचे स्वच्छ वेगवेगळे डबे पडतच नाहीत, कुणीतरी दोन डब्यांत पाय ठेवून उभा राहतोच. आम्ही मग ‘सारखं वाटतं’ आणि ‘एकच आहे’ ही दोन नाती वेगळी केली. पहिल्यातून नुसती शंकेची यादी निघते. दुसरं ठरतं ते आधार क्रमांक तंतोतंत जुळला तर, नाहीतर कॅशियरकाकांनी यादीवर सही केली तर.

त्याच कामात आमचे सर वर्गात सारखे विचारायचे तो प्रश्नही कामी आला: “वेल-डिफाइंड आहे का?” कोसेटमधला, म्हणजे समान मानलेल्या घटकांच्या एका गटातला, कुठलाही प्रतिनिधी घ्या, उत्तर तेच यायला हवं. आमचा गाववार ठेवींचा रिपोर्ट दोनदा चालवला तर दोन आकडे देत होता. जोडलेल्या नोंदींपैकी जी आधी हाती लागेल तिचा पत्ता तो घ्यायचा, आणि ‘आधी’ कोण हे दर वेळी बदलायचं.

आता आधारचं सांगते, कारण तिथे ग्रुप थिअरी सरळ घरात शिरली आहे. आधारच्या १२ अंकांपैकी शेवटचा हा आधीच्या ११ अंकांवरून काढलेला तपासणीचा अंक असतो. पद्धत व्हेरहूफ या डच गणितज्ञाची, १९६९ सालची. जाड पुठ्ठ्याचा सुसम पंचकोन कापा. तो जागच्या जागी बसवायच्या तऱ्हा १०: पाच फिरवण्याच्या, पाच पालथा घालण्याच्या. एकीमागून दुसरी केली तरी याच दहांतली एखादी मिळते, हाच इथला ग्रुप. ० ते ९ हे अंक म्हणजे याच तऱ्हा. आधी फिरवून मग पालथा घाला, नाहीतर आधी पालथा घालून मग फिरवा, पंचकोन वेगवेगळा बसतो. म्हणून कुठल्या दोन तऱ्हा मिळून कुठली होते याच्या कोष्टकात १ आणि ५ मिळून ६ होतात, पण ५ आणि १ मिळून ९. शिवाय जागेनुसार अंक बदलायची एक युक्ती जोडली आहे. त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर चूक हमखास पकडली जाते. एटीएम कार्डाचा क्रमांक तपासायची लुन पद्धत नेहमीच्या बेरजेवर चालते, तिला ०९ चं ९० झालेलं कळत नाही. शाळेत आपण क्रमनिरपेक्षतेचं कौतुक ऐकतो, इथे ती नसण्यातच फायदा आहे.

जुन्या रजिस्टरांतून टाइप केलेले आधार क्रमांक आम्ही आता जुळवणीआधी यातून काढतो. नापास झालेले शाखेकडे परत जातात.

भाच्याला मी म्हटलं, रेझ्युमेवर ‘ॲबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा’ लिहून मुलाखत घेणाऱ्याला काही बोध होणार नाही. त्यापेक्षा हे तपासणीचं गणित स्वतः प्रोग्राम लिहून कर आणि ते दाखव. पण आधी एकदा स्वतःच्या आधारवर हातानं करून बघ. मी पहिल्यांदा केलं तेव्हा माझंच आधार नापास झालं होतं. कोष्टकात आडवी ओळ आधी धरायची का उभी, तिथेच घोटाळा करून बसले होते.